केळं न घालता केळ्याचा वास

बिअर म्हणजे कडवट, फेसाळ, पिवळं पाणी, असं न पिणाऱ्यांना वाटतं. पिणाऱ्यांपैकी पुष्कळांचं मतही फारसं निराळं नसतं; ते पाणी दात शिवशिवतील इतकं गार हवं, एवढीच त्यांची जास्तीची अट. अशा माणसासमोर ॲमस्टरडॅममधल्या ‘ब्राउवेराय ट-ऐ’ या छोट्या ब्रुअरीच्या बिअरचे पाच ग्लास ओळीनं मांडले, तर तो पहिल्याच ग्लासापाशी अडखळतो. ढगाळ पिवळ्या बिअरमधून लिंबाचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग पिकल्या केळ्याचा. पुढच्या सोनेरी ग्लासात मिरी-लवंगेची झाक. त्यापुढच्या तपकिरी ग्लासात मनुका आणि तांबूस होईपर्यंत वितळवलेली साखर.

यात केळं नाही, लवंग नाही, मनुका तर नाहीतच. आहे ते पाणी, मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. पहिल्या ग्लासात गहू आणि थोडे धने पडलेले असतात, तेवढाच काय तो जादा मसाला. मग केळं आलं कुठून?

न्हाणीघरातली ब्रुअरी

आधी ही ब्रुअरी कुठली ते पाहू. ॲमस्टरडॅमच्या पूर्व भागात ‘दे खोयर’ नावाची पवनचक्की आहे. नेदरलँड्समधली सर्वांत उंच लाकडी पवनचक्की अशी तिची ख्याती. तिला लागूनच महापालिकेचं जुनं सार्वजनिक स्नानगृह होतं, घरोघरी मोरी नव्हती त्या काळातलं. तिथे 1985 मध्ये कास्पर पेटरसन या संगीतकारानं बिअर बनवायला सुरुवात केली. पर्यटक आजही पवनचक्कीकडे बोट दाखवून ‘इथे बिअर बनते’ म्हणतात आणि फोटो काढतात. बिअर बनते ती शेजारच्या विटांच्या इमारतीत. बाटलीवर मात्र पवनचक्की ठळक नसून शहामृग आहे.

पेटरसनची तक्रार साधी होती. देशात बिअर म्हणून जे मिळे, ते बहुतेक सगळं एकाच जातीचं: फिकट, गाळलेलं, थंडगार पिल्सनर. हे कसं झालं, त्यालाही इतिहास आहे. बिअर हा या शहराच्या पोटापाण्याचा जुना विषय. 1323 मध्ये हॅम्बुर्गहून येणाऱ्या हॉप्सच्या बिअरवर जकात घेण्याचा हक्क ॲमस्टरडॅमला मिळाला आणि त्या व्यापारावर शहर वाढलं. पुढे 1842 मध्ये बोहेमियातल्या प्लझेन गावी सोनेरी, नितळ बिअर जन्मली आणि तिनं युरोप जिंकला. 1864 मध्ये खेरार्ड हायनेकननं ॲमस्टरडॅममधली एक जुनी ब्रुअरी विकत घेतली. 1886 मध्ये त्याच्या कंपनीसाठी हार्टोख एलियन या रसायनशास्त्रज्ञानं यीस्टचा शुद्ध वाण वेगळा काढला. शुद्ध वाण म्हणजे दर खेपेला तीच चव, आणि तीच चव म्हणजे मोठा धंदा. विसाव्या शतकात लहान ब्रुअऱ्या एकेक करून मिटल्या. (हायनेकन आपल्याही घरातलंच आहे: किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीज कंपनीचा ताबा 2021 पासून हायनेकनकडे आहे.)

पेटरसननं उत्तरेकडे किंवा जर्मनीकडे न बघता दक्षिणेला, बेल्जियमकडे पाहिलं. तिथे मठांतल्या आणि गावठी बिअरची परंपरा टिकून होती. ‘झात्ते’ ही त्याची पहिली बिअर बेल्जियन ‘ट्रिपल’ जातीची आहे. 2008 मध्ये त्यानं ब्रुअरी विकली. 2015 मध्ये बेल्जियमच्या डूव्हेल मोर्टगाट या बड्या घराण्याचा पैसाही तिच्यात आला. मोठ्यांच्या बिअरला कंटाळून सुरू झालेल्या ब्रुअरीत शेवटी मोठ्यांचाच पैसा यावा, हे या धंद्यात नवं नाही. त्यामुळे ‘छोटी’ हे विशेषण आता जरा सैल हातानं वापरावं लागतं. बिअर मात्र अजून न गाळता भरतात, आणि आपल्या कोड्याशी तेवढ्याचाच संबंध आहे.

जीभ फार थोडं सांगते

शाळेच्या पुस्तकातलं जिभेचं चित्र आठवत असेल: टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. ते चित्र चुकीचं आहे. 1901 मधल्या एका जर्मन प्रयोगाचा पुढे विपर्यास झाला आणि पुस्तकांनी तो अनेक दशकं वाहिला. चव कळणाऱ्या पेशी जिभेवर सगळीकडे आहेत आणि त्यांना कळतात त्या चवी इन मीन पाच: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी ‘उमामी’. केळं, लवंग, मनुका, कॉफी यांतलं जिभेला काहीच कळत नाही. ते सगळं नाकाचं काम.

नाकाकडे वास दोन वाटांनी जातो. एक वाट पुढची, हुंगण्याची. दुसरी घशामागची: घोट गिळला की तोंडातली सुगंधी वाफ मागच्या बाजूनं नाकात चढते, आणि मेंदू समजतो की ही ‘चव’ तोंडातच लागली. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. कडू, थोडं गोड, थोडं आंबट, बस. चिमटी सोडून श्वास बाहेर टाकला की केळं एकदम हजर होतं. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे परीक्षक सहसा गिळतात. गिळल्यावर मागच्या वाटेनं येणारा वास आणि घशाशी रेंगाळणारा कडूपणा, दोन्ही त्यांना जोखायचे असतात.

गारपणाचा घोळही इथेच आहे. वास येण्यासाठी रेणू द्रवातून उडून हवेत यायला हवेत, आणि बर्फासारख्या थंड बिअरमधून ते उडत नाहीत. शिवाय गोडी ओळखणाऱ्या पेशींचं काम थंडीत मंदावतं. म्हणजे फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायलेल्या बिअरची निम्मी ओळख पुसलेली असते. पिल्सनरसारख्या साध्या लागरच्या बाबतीत हे सोयीचंच, तिच्याकडे लपवण्यासारखंही थोडं आणि दाखवण्यासारखंही थोडं. झात्तेसारखी 8 टक्क्यांची बिअर मात्र 8 ते 12 अंश सेल्सिअसला उघडते. ग्लास तळहातात धरून बसणारी माणसं दिखावा करत नसतात.

रंग येतो भट्टीतून

आता ग्लासांकडे. तपकिरी ‘नात्ते’ (6.5 टक्के) ही बेल्जियन ‘डबल’ जातीची, तर ‘स्ट्रौस’ (9 टक्के) तिच्याहून गडद आणि जाड अंगाची. यांतल्या मनुका आणि तांबूस साखर आगीची देणगी आहेत.

बार्लीच्या दाण्यात पिष्ट असतं आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही, साखर लागते. म्हणून बार्ली भिजवतात, मोड आणतात. मोड येताना दाणा स्वतःच्या पिष्टाची साखर करणारी विकरं तयार करतो. ही साखर म्हणजे कोंबाची शिदोरी. कोंब ती खाऊन टाकायच्या आत दाणे गरम हवेत वाळवतात. हे मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट. साधारण 80 अंशांवर वाळवलं तर ते फिकट राहतं आणि विकरं शाबूत राहतात. आच वाढवली तर साखर आणि प्रथिनं यांची गाठ पडते आणि रंग, खमंगपणा येतो. 200 अंशांपलीकडे भाजलं की कॉफी आणि कोको.

ब्रुअर काही गडद बिअरसाठी सगळं माल्ट काळं करत नाही. थालीपिठाच्या भाजणीत प्रत्येक धान्य वेगळं भाजतात, आणि एखादं मूठभर जास्त खरपूस झालं तरी सगळ्या पिठाचा रंग आणि वास त्याच्या बाजूला झुकतो, इथेही तसंच. बहुतेक माल्ट फिकटच असतं, कारण साखर करणारी विकरं त्यातच जिवंत असतात. त्यात गडद माल्ट थोडंसं मिसळलं की ग्लास तपकिरी होतो. म्हणून गडद बिअर म्हणजे ‘कडक’ बिअर हा समज सोडून द्यावा. ओळीतला सोनेरी ग्लास 8 टक्क्यांचा आहे आणि त्याच्या शेजारचा तपकिरी 6.5 टक्क्यांचा.

माल्ट भरडून गरम पाण्यात मुरवतात आणि इथे एक-दोन अंशांनीही फरक पडतो. 62-63 अंशांच्या आसपास पिष्टाचे बारीक तुकडे होतात, यीस्ट ते सगळे फस्त करतं आणि बिअर हलकी, कोरडी उतरते. 68-70 कडे गेलं तर मोठे तुकडे उरतात. ते यीस्टला पचत नाहीत, बिअरमध्ये राहतात आणि तोंड भरून टाकतात. ट्रिपल जातीत आणखी एक युक्ती असते: थोडी सरळ साखर घालतात. ऐकणाऱ्याला वाटतं बिअर गोड होणार. होतं उलट. साखर पूर्णपणे आंबते, मद्यार्क वाढतो आणि अंग हलकं राहतं. म्हणून झात्ते 8 टक्क्यांची असूनही जड वाटत नाही, आणि तोच तिचा धोका आहे.

हॉप्स: उकळीचं गणित

मुरवलेला गोड काढा गाळून तासभर किंवा जास्त उकळतात आणि त्यात हॉप्स पडतात. हॉप्सच्या फुलात दोन गोष्टी असतात, राळेसारखी कडू आम्लं आणि सुगंधी तेलं, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही. आम्लं नुसत्या पाण्यात विरघळतच नाहीत. बराच वेळ उकळलं की त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडूपणा देतात. तेलं तेवढ्या वेळात वाफेबरोबर उडून जातात. त्यामुळे कडूपणासाठी हॉप्स सुरुवातीला घालायचे, वासासाठी शेवटी, किंवा थेट थंड बिअरमध्ये. तेच फूल, फक्त वेळ वेगळी.

‘कोलंबस’ या 9 टक्क्यांच्या तांबूस बिअरमध्ये हॉप्स जोरात आहेत, तरी ती नुसती कडू लागत नाही. माल्टची उरलेली गोडी कडूपणाला तोलून धरते. कडूपणाचा आकडा बाटलीवर छापला तरी एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. समोर गोडी किती आहे, हे पाहिल्याशिवाय.

पहिल्या ग्लासातल्या धन्यांचा हॉप्सशी दूरचा नव्हे, जवळचाच संबंध आहे. ‘ऐविट’ (6.5 टक्के) ही गव्हाची, ‘विट’ जातीची बिअर. हॉप्सचं राज्य येण्यापूर्वी युरोपात बिअरमध्ये नाना मसाले घालत. विटमधले धने आणि संत्र्या-लिंबाची साल ही त्या काळाची खूण. ही जात जवळपास संपली होती. 1966 मध्ये बेल्जियमच्या हूखार्डन गावात पिएर सेलिस यानं ती पुन्हा उभी केली. धन्यांचा मुख्य सुगंधी घटक लिनालूल; तोच हॉप्सच्या तेलातही असतो. त्यामुळे बिअरमध्ये धने उपरे वाटत नाहीत. आपल्या नाकाला मात्र धने म्हणजे आमटी, त्यामुळे मराठी माणसाला ऐविटमध्ये धने शोधून सापडत नाहीत. भाजलेल्या धन्यांचा वास मनात असतो आणि इथे ते कच्चे, नुसते ठेचलेले असतात. त्यांचा वास लिंबाकडे झुकतो.

आणि केळं यीस्टचं

उकळलेला काढा थंड करून त्यात यीस्ट सोडतात. हे एकपेशी जीव साखर खातात, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. पण यीस्ट याखेरीज शेकडो बारीकसारीक पदार्थही बनवतं, आणि बिअरचं व्यक्तिमत्त्व त्यांतच आहे.

काढ्यात ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. यीस्ट त्यातला नायट्रोजन काढून घेतं आणि उरलेल्या सांगाड्यापासून एक मद्य बनवतं. त्याला एक छोटा तुकडा जोडला की होतं आयसोअमिल ॲसिटेट. पिकल्या केळ्याला केळ्याचा वास याच रेणूमुळे येतो. म्हणजे ग्लासातला वास केळ्या‘सारखा’ नाही. रेणू तोच आहे, बनवणारा वेगळा. (मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना बोलावण्यासाठी हाच रेणू सोडते. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ केळं खाऊ नये म्हणतात ते उगाच नाही.)

यीस्ट एवढा खटाटोप का करतं? त्याला पंख नाहीत, एका फळावरून दुसऱ्यावर जायला वाहन लागतं. बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की हे सुवास बनवणारं जनुक काढून टाकलेल्या यीस्टकडे फळमाश्या कमी येतात. माशी वासाला भुलते, येते, बसते आणि पायांना यीस्ट लावून उडते. आपण ग्लासात नाक खुपसतो तेव्हा माशीसाठी लिहिलेलं आमंत्रण वाचत असतो.

लवंगेची गोष्ट थोडी निराळी. गहू-बार्लीच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. काही यीस्टांजवळ त्याचा एक तुकडा छाटायचं जनुक असतं. छाटल्यावर जो रेणू उरतो तो लवंगेतल्या युजेनॉलचा जवळचा नातलग. बेल्जियन पद्धतीच्या बऱ्याच यीस्टांत आणि जर्मन गहूबिअरच्या यीस्टांत हे जनुक शाबूत आहे, लागरच्या यीस्टात ते निकामी आहे. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत मिळणाऱ्या हेफेवायझेन या जर्मन गहूबिअरला केळं-लवंगेचा वास येतो तोही याच दोन रेणूंमुळे.

तापमानाची भूमिका इथे पुन्हा येते. लागरचं यीस्ट 10 अंशांच्या आसपास सावकाश काम करतं आणि असले उद्योग कमी करतं. वर, बिअर आठवडेच्या आठवडे थंड ठेवून उरलासुरला वासही साफ करतात. झात्ते किंवा ऐविटचं यीस्ट 20 अंशांच्या पुढे-मागे जोमानं आंबवतं आणि वासांची उधळण करतं. पिल्सनरचा नितळपणा हा ब्रुअरचा मोठा पराक्रमच आहे, पण तो पराक्रम काढून टाकण्याचा आहे. न्हाणीघरातल्या ब्रुअरीनं ते काढून टाकणंच बंद केलं.

चौकट: ग्लास कुठल्या क्रमानं?
ऐविटपासून सुरुवात करावी, मग नात्ते, झात्ते, कोलंबस आणि शेवटी स्ट्रौस. क्रम रंगाचा नाही. हलक्याकडून जडाकडे आणि कमी कडूकडून जास्त कडूकडे. कडूपणा जिभेवर साठत जातो. कोलंबसनंतर ऐविट प्यायलात तर ती पाण्यासारखी लागेल.
आधी हुंगावं, नंतर घोट, आणि गिळल्यावर नाकानं श्वास सोडावा. मध्ये पाणी आणि साधा पाव. चीज चालतं, तळलेलं मात्र शेवटी, कारण तेल ओठांवरून ग्लासात उतरतं आणि फेस मारतं.
हिशेब ध्यानात ठेवावा: 9 टक्क्यांच्या 250 मिलिलिटर ग्लासात 22.5 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, 5 टक्क्यांच्या 330 मिलिलिटर बाटलीत 16.5. पाच पूर्ण ग्लास म्हणजे चव घेणं नव्हे. चवीसाठी प्रत्येकी दोन-तीन घोट पुरतात.

फेस आणि बुडबुडे

फेस नुसता शोभेचा नाही. माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्सची कडू आम्लं बुडबुड्याच्या कातडीत एकत्र विणली जातात, म्हणून बिअरचा फेस टिकतो आणि सोड्याचा फसकन बसतो. बुडबुडे फुटताना सुगंधी रेणू वर उडवतात. डच मंडळी पिल्सनर ओतताना दोन बोटं फेस ठेवतात आणि वरचा जादा भाग पट्टीनं सपकन कापतात. भरपूर फेस पाहून ‘कमी भरलं’ म्हणून भांडणारं गिऱ्हाईक तिथे परकं ठरतं. बुडबुड्यांचा तो जिभेवरचा चटका अंशतः आंबट चव आहे: आंबट ओळखणाऱ्या पेशींवरचं एक विकर कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल तयार करतं, हे 2009 मध्ये उलगडलं.

बाटली घरी नेली तर

बाटल्या बहुतेक तपकिरी का असतात? हॉप्सच्या कडू आम्लांवर उन्हातला निळा-जांभळा प्रकाश पडला की ती फुटतात, गंधकाशी जुळतात आणि एक भयानक रेणू तयार होतो. अमेरिकेतला स्कंक हा प्राणी शत्रूवर जो दुर्गंध फवारतो, त्याचा हा सख्खा नातलग. नगण्य मात्रेतही नाकाला कळतो. भर उन्हात ग्लासातल्या बिअरला हे व्हायला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच तो प्रकाश अडवते. हिरवी काच फारसा अडवत नाही, पांढरी जवळजवळ नाहीच. हिरव्या बाटलीतल्या बिअरचा जो ‘खास’ वास काहींना आवडतो, तो पुष्कळदा हा बिघाडच असतो.

उष्णतेचं नुकसान सावकाश होतं. हॉप्सचा वास आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागतो. हलकी, हॉप्सवाली बिअर म्हणूनच ताजी संपवावी. स्ट्रौससारखी गडद, 9 टक्क्यांची बिअर अंधाऱ्या, थंड जागी वर्ष-दोन वर्षं सांभाळली तर तिच्यात खजूर आणि जुन्या वाइनची छटा येते. नागपूरच्या मे महिन्यातलं स्वयंपाकघरातलं कपाट या व्याख्येत बसत नाही.

तळाचा पांढुरका गाळ म्हणजे यीस्ट, खराबी नव्हे. बाटली एक दिवस उभी ठेवून गाळ बसू द्यावा. नात्ते-झात्ते ओतताना ग्लास तिरका धरून एका दमात, हलक्या हातानं ओतावं आणि तळाशी बोटभर उरलं की थांबावं. गाळ पडला तर लवंगेचा वास दबतो आणि पिठूळ, पावासारखी चव पुढे येते. ऐविटची रीत उलटी. तीन-चतुर्थांश ओतून झालं की बाटली गोल गोल फिरवायची आणि गाळासकट उरलेलं सगळं ग्लासात रिचवायचं; तिचं ढगाळपण काही अंशी त्यातच आहे.